वीज चमकली की मेन पडतो, मग आरसीसीबी काढून टाकावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राजापूरकडे गावी चार वर्षांपूर्वी बांधलेलं चिऱ्याचं घर, तिथे आई-बाबा दोघंच. मे महिन्यात वळीव सुरू झाला की आणि पुन्हा ऑक्टोबरात, आभाळ गरजायला लागलं की मेन पडतो. बाबा टॉर्च घेऊन पडवीत जातात, स्टुलावर चढून तो वर करतात. कधी राहतो, कधी हात काढायच्या आत खाली येतो. दोनदा रात्रभर फ्रीज बंद राहून आतली सुरमई टाकून द्यावी लागली. गावातला वायरमन म्हणाला, "आरसीसीबी बायपास करतो, कटकट संपेल." तर करू द्यावं का?

करू देऊ नका. आरसीसीबी म्हणजे लाईट गळायला लागली की ती तोडणारा स्विच. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. पण मग तो पडतो का आणि पडायचा थांबेल कसा, हे राहूनच जाईल. मी रत्नागिरी जिल्ह्यात तीस वर्षं वायरिंगची कामं करतो आणि दर आगोटीला हाच फोन मला किमान पाच-सहा घरांतून येतो. त्या सगळ्या घरांत कारण एकच असं कधीच नसतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे आकाशातलीही वीज आणि तारेतलीही वीजच. या उत्तरात आभाळातली ती वीज आणि तारेतून येते ती लाईट, असं धरून चला. आपण बोलतोही तसंच.

पहिला प्रश्न मी फोनवर हा विचारतो: पडलं नक्की काय? लोक म्हणतात "मेन पडला", पण डीबीत, म्हणजे सगळे स्विच बसवलेल्या भिंतीवरच्या डब्यात, मेन म्हणण्यासारख्या दोन-तीन वस्तू असतात. मीटरजवळ एक एमसीबी किंवा आयसोलेटर असतो. घरातल्या डीबीत दोन खाचांची जागा घेणारा, अंगावर छोटं टेस्ट बटण असलेला, तो आरसीसीबी; जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. त्याच्या शेजारी ओळीने बसलेले एकेरी ते एमसीबी. बाबांना टेस्ट बटणवाल्याच्या दांडीला लाल टेप लावून द्या, म्हणजे अंधारातही सांगता येईल. कारण एमसीबी पडणं आणि आरसीसीबी पडणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तार तापेल इतका लोड झाला किंवा शॉर्ट झालं, तर एमसीबी पडतो. जमिनीत किंवा कुणाच्या अंगातून लाईट गळायला लागली, तर आरसीसीबी पडतो.

तो गळती ओळखतो कशी, हे मी गिऱ्हाइकांना गड्यांच्या हिशेबाने सांगतो. सकाळी फेजच्या वाटेने दहा गडी शेतावर गेले, तर संध्याकाळी न्यूट्रलच्या वाटेने दहाच परत यायला हवेत. नऊ आले तर एक कुठेतरी भलत्या वाटेने गेला. आरसीसीबीत एक लोखंडी कडं असतं, त्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात आणि ते कडं फक्त हीच वजाबाकी करत बसलेलं असतं. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. मानकाप्रमाणे १५ पर्यंत तो पडायचा नाही आणि ३० ला पडलाच पाहिजे. मधे कुठेही पडला तरी माल चांगलाच. हा मधला भाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बायपासचं. कोकणात हा विषय इतर ठिकाणांपेक्षा जास्त गंभीर आहे आणि त्याला कारण आपला जांभा. जांभ्यात पाणी टिकत नाही. मे अखेरीला अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा असतो. अशा खड्ड्यांची अर्थिंग मोजल्यावर २० ओहम आलेली मी कितीदा पाहिली आहे. समजा, तुमच्या फ्रीजच्या आतली फेज पत्र्याला लागली. २३० व्होल्ट भागिले २० ओहम, म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जाणार. फ्रीजचा एमसीबी १६ अँपिअरचा. तो साडेअकराला पडतच नाही; त्याच्या लेखी फक्त एक मोठासा लोड चालू आहे. पत्रा जिवंत राहतो आणि ओल्या पायाने आई फ्रीज उघडायला जाते. इथे वाचवणारा एकटा आरसीसीबी आहे. त्याला बायपास करायचं म्हणजे सापाची भीती वाटते म्हणून कुत्र्याला बांधून ठेवायचं. वायरमन वाईट नसतो, रात्री-अपरात्री येणारे फोन त्यालाही नको असतात. पण त्याला सांगा, "काढायचा नाही, शोधायचं आहे."

शोधायची सुरुवात मेगरने, म्हणजे वायरची गळती तपासायच्या मीटरने नाही, घड्याळाने करायची. तो नेमका केव्हा पडतो? चमकल्याक्षणी पडतो, पाऊस लागल्यावर तासा-दोन तासांनी पडतो, की गेलेली लाईट परत आली त्या क्षणी पडतो? तिन्ही वेळा "पाऊस-वाऱ्यात पडला" एवढंच आपण म्हणतो. पण ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे. कोकणात हे वेगळं काढणं त्यातल्या त्यात सोपं. गडगडाट आपल्याकडे मुख्यतः मे-जूनच्या आरंभी आणि परतीच्या पावसात. जुलैत धो धो पाऊस असतो, पण वीज क्वचित कडाडते. म्हणून मी विचारतो, जुलैत पडतो का? जुलैत बिनगडगडाटाचाही पडत असेल तर आभाळाला दोष देऊ नका, घरात ओल शिरली आहे. जुलैभर गप्प आणि ऑक्टोबरात पुन्हा सुरू, असं असेल तर विजेचा संबंध खरा.

चमकल्याक्षणी पडतो त्याचं आधी. वीज तुमच्या घरावर पडावी लागत नाही. विजेच्या एका लोळात साधारण ३० हजार अँपिअर असतात आणि ते काही मायक्रोसेकंदांत चढतात. अर्ध्या किलोमीटरवर डोंगराच्या सड्यावर जरी पडली, तरी खांबांवरून येणाऱ्या उघड्या तारांमध्ये तिच्यामुळे हजारो व्होल्टची लाट उठते. ती लाट फेज आणि न्यूट्रल दोघांवरून एकदम घरात शिरते आणि जमीन शोधते. तिला वाटा सापडतातच. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, एलईडीचे ड्रायव्हर, या सगळ्यांच्या पोटात फेज-न्यूट्रलपासून बॉडीकडे लावलेले छोटे कपॅसिटर असतात. एवढ्या वेगाच्या लाटेला ते म्हणजे उघडं दार. भिंतीतली लांबच लांब वायरही अशी लाट थोडी थोडी झिरपू देते. गडी कमी भरले, आरसीसीबी पडला.

यात एक गैरसमज आहे, तो खोडतो. "मेन पडला म्हणून टीव्ही वाचला" असं लोक म्हणतात. नाही वाचला. आरसीसीबीच्या आतला चाप सुटून दांडी पडायला मिलिसेकंद लागतात आणि लाट मायक्रोसेकंदांत येऊन गेलेली असते. टीव्ही वाचला तो नशिबाने. वाचवायचाच असेल तर आभाळ भरून आल्यावर प्लग उपटा, आणि डिशची आणि इंटरनेटची वायरही मागून काढा. कितीतरी टीव्ही पिनेतून नाही, डिशच्या वायरीतून जळतात. मोबाईलवर पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' अॅप घालून ठेवा, आसपास वीज पडत असेल तर ते सांगतं. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र प्लगला हात लावायला जाऊ नका, तेव्हा जे व्हायचं ते वस्तूचं होऊ द्या.

जवळ वीज पडल्यावर वर्षातून एकदा-दोनदा आरसीसीबी पडला तर तो दोष धरायचा नाही. पण दूरवर नुसतं लुकलुकलं तरी पडत असेल, तर तो आधीच काठावर उभा आहे. इथे तो १५ ते ३० चा मधला भाग कामाला येतो. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वस्तू रोजचीच थोडी थोडी गळत असते, जुना गिझर जास्त गळतो, ओल आलेला बोर्ड आणखी. सगळ्यांची बेरीज १२-१४ झाली की आरसीसीबी उन्हाळाभर निमूट बसेल आणि पहिल्या गडगडाटाला पडेल. रोजची गळती क्षमतेच्या ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे ३० च्या आरसीसीबीवर ९ मिलिअँपिअरच्या आत असावी, असा आमचा ठोकताळा. ती मोजायला लिकेज क्लॅम्प मीटर मिळतो. आरसीसीबीच्या खालच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र त्याच्या चिमट्यात धरायच्या, आकडा समोर येतो. साधा क्लॅम्प मीटर चालत नाही, त्याला मिलिअँपिअर दिसत नाहीत. वायरमनकडे हा नसेल तर ज्याच्याकडे आहे असा वायरमन शोधा; न मोजता आरसीसीबी बदलणं म्हणजे ताप न बघता गोळ्या देणं.

दुसरी वेळ, पाऊस लागल्यावर. इथे कारण घराच्या बाहेर शोधायचं. गेटच्या खांबावरचे दिवे, खळ्यातला दिवा, तुळशीवृंदावनाचा दिवा, गोठा, विहिरीवरचा पंप, न्हाणीघराबाहेरचा प्लग, गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट स्विच. याच क्रमाने बघा. गेल्या दहा-बारा वर्षांत गेटच्या खांबाने मला जितकी कामं दिली, तितकी कुठल्याच वस्तूने दिली नाहीत. गवंडी खांब बांधतो, आत अर्ध्या इंचाचा पाइप टाकतो, त्यात वायर कमी पडते, मग जमिनीखाली सांधा आणि सांध्यावर काळी चिकटपट्टी. पहिला पावसाळा निघतो. दुसऱ्याला पट्टी सुटते. वरच्या काचेच्या गोळ्यात मुंग्यांनी घर केलेलं असतं, ते ओलं होऊन होल्डरचे दोन्ही टोक खांबाला जोडतं.

इथे एक अशी गोष्ट घडते की भल्याभल्या वायरमनची मती गुंग होते. तुमच्या घरीही तीच असावी असा माझा अंदाज आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

बाहेरचा दिवा बंद आहे. स्विच फेजवर असतो, म्हणून फेज तुटली. पण न्यूट्रल तुटत नाही. ती दिव्यापर्यंत कायम जोडलेली. एकेरी एमसीबी खाली केला तरी तुटते फेजच. आता त्या दिव्याजवळ न्यूट्रलच ओल्या खांबाला लागली असेल तर? फेजचा काही संबंध नाही, म्हणून लगेच आरसीसीबी पडत नाही. न्यूट्रल आणि जमीन यांच्यात एरवी फार व्होल्टेज नसतं, म्हणून गळतीही नगण्य. पण आईने मिक्सर किंवा इस्त्री लावली, की न्यूट्रलच्या वाटेने परतणाऱ्या गड्यांपैकी काही जण गेटच्या खांबातून जमिनीतच उतरतात. आरसीसीबी पडतो. सगळे म्हणतात, इस्त्री खराब. इस्त्री बदलली जाते. मग मिक्सर. आणि वीज चमकली की डीपीजवळची जमीन आणि तुमच्या अंगणातली जमीन यांच्यात क्षणभर मोठा फरक पडतो. न्यूट्रलला तिकडे जोडलेलं आणि इकडेही जमिनीला चिकटलेलं, म्हणून त्या फरकाने न्यूट्रलमधून करंट धावतो. एकही दिवा चालू नसताना आरसीसीबी पडतो. "सगळे एमसीबी खाली केले तरी पडतो" ही तक्रार ऐकली की मी न्यूट्रललाच पहिला हात घालतो.

लांज्याच्या अलीकडे एका वाडीत हेच झालं होतं. माझ्याआधी तिथे तीन आरसीसीबी बदलून झाले होते, तिसरा तर चांगला महागातला. मी मेन बंद केला, डीबीतल्या न्यूट्रल लिंकवरून सगळ्या न्यूट्रल सोडवल्या, इन्व्हर्टर आणि सगळे प्लग काढले आणि ५०० व्होल्टच्या मेगरने एकेक न्यूट्रल जमिनीशी मोजली. नियमाप्रमाणे किमान १ मेगओहम हवा. सहा सर्किटं उत्तम आली, सातवं शून्याला टेकलं. सातवं होतं तुळशीच्या दिव्याचं. घरचे काका म्हणाले, "तो तर वर्षभर लावलेलाच नाही, बल्ब गेलाय." बल्ब गेला होता, पण होल्डरमध्ये न्यूट्रल तशीच होती आणि होल्डर वृंदावनाच्या ओल्या सिमेंटमध्ये पुरलेला. ती वायर काढून नवीन घेतली, बाहेरच्या सगळ्या दिव्यांना डबल पोल स्विच बसवला, म्हणजे बंद केल्यावर न्यूट्रलही तुटावी. काढलेल्या तिसऱ्या आरसीसीबीत काही खोट नव्हती, तो माझ्याकडे अजून आहे.

ही तपासणी घरच्या माणसाने कितपत करावी? दांड्या वर-खाली करण्यापुरती. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास जाऊ द्या. पायात कोरडी रबरी चप्पल, हात कोरडे. सगळे एमसीबी खाली करा. आरसीसीबीची दांडी आधी पूर्ण खाली दाबा, मग वर करा. अर्धवट पडलेली तशीच वर ढकलली तर पुष्कळदा चाप बसत नाही आणि लोक म्हणतात "राहतच नाही". राहिला, तर एकेक एमसीबी वर करा आणि दोन-दोन मिनिटं थांबा. ज्याच्यावर पडला त्या भागातले प्लग काढून पुन्हा बघा. कुणावरच पडला नाही तर आता घरातला एखादा मोठा लोड लावून बघा. तेव्हा पडला तर वरची न्यूट्रलची गोष्ट वायरमनला वाचून दाखवा. डीबीचं झाकण बाबांनी उघडायचं नाही. मेन खाली केला तरी वरच्या बाजूला मीटरकडून आलेली वायर जिवंत असते. वायरमनलाही आठवण करा, मेगर मारण्याआधी टीव्ही, फ्रीज, एलईडी ड्रायव्हर काढलेच पाहिजेत. ५०० व्होल्ट त्यांना सोसत नाहीत, आणि मग त्याचंही खापर विजेवर फुटतं.

चिऱ्याच्या घरांचं आणखी एक. गिलाव्याशिवायच्या चिऱ्याच्या भिंती नैर्ऋत्येच्या पावसाने आतपर्यंत भिजतात. त्या बाजूच्या भिंतीत कन्सिल्ड बोर्ड असेल तर तो पावसाळाभर दमट राहतो. स्विचमागे घाम साचतो, कधी पाल आत जाऊन मरते. असा बोर्ड उघडून वाळवून काही होत नाही, पुढच्या वर्षी तेच. आतल्या भिंतीवर हलवा.

तिसरी वेळ, लाईट परत आल्यावर. इथे बहुधा एमसीबी पडतो. कारण सरळ आहे. लाईट गेली तेव्हा फ्रीज, पंप, एसी, सगळं चालूच राहिलेलं असतं. आली की सगळ्यांनी एकदम ओढायचं, वर रिकामा इन्व्हर्टर चार्जिंगला. 'बी' प्रकारचा एमसीबी आपल्या आकड्याच्या ३ ते ५ पटीला झटक्यात पडतो, 'सी' प्रकारचा ५ ते १० पटीला. पंपावर 'बी' बसवला असेल तर तो 'सी' करून घ्या, आकडा तोच ठेवून. आकडा वाढवायचा नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला की मग वायरच फ्यूजचं काम करते, आणि ती भिंतीत असते. सोपा उपाय म्हणजे लाईट गेली की फ्रीज आणि पंपाचा स्विच बंद करायची सवय. आली की पाच मिनिटांनी चालू.

लाईट आल्याआल्या आरसीसीबीच पडत असेल तर इन्व्हर्टर बघा. इन्व्हर्टर नंतर बसवायला दुसरा माणूस येतो. तो फेज उचलतो आरसीसीबीच्या आधीची आणि दिव्यांची न्यूट्रल मात्र आरसीसीबीनंतरच्या लिंकवर तशीच ठेवतो. म्हणजे गडी एका वाटेने गेले आणि भलत्याच वाटेने आले. हिशेब बसणारच नाही. ३० मिलिअँपिअर म्हणजे २३० व्होल्टला ७ वॅटसुद्धा होत नाहीत, एक एलईडी बल्ब त्याला पुरे. ज्या घरात आरसीसीबी "इन्व्हर्टर बसवल्यापासून" पडतो, तिथे मी दुसरं काही बघायच्या आधी ही वायर बघतो.

आणि एक धोका, ज्यात काहीच पडत नाही. वाऱ्यात झाड तारांवर येऊन खांबावरची न्यूट्रल तुटली, तर काही घरांत व्होल्टेज ३०० च्या वर, अगदी ४०० पर्यंत जाऊ शकतं, काहींत अगदी कमी होतं. दिवे भगभगतात, पंखा आवाज करत पळतो किंवा सगळं मंद होतं. एमसीबीला करंट कळतो, आरसीसीबीला गळती कळते, जादा व्होल्टेज दोघांनाही कळत नाही. असं दिसलं की विचार न करता मेन खाली करा आणि १९१२ वर तक्रार द्या. व्होल्टेज वर-खाली झालं की आपोआप तोडणारं उपकरण डीबीत बसतं. शहरात त्याला चैन म्हणतील, गावात शेवटच्या खांबावरच्या घराला मी ते आग्रहाने बसवायला सांगतो.

आता तुमच्या घरी मी काय करीन ते सांगतो. आधी गळती मोजीन आणि बाहेरच्या सर्किटांच्या न्यूट्रल मेगरवर तपासीन. बहुतेक तिथेच अर्धं दुखणं निघेल. मग अख्ख्या घराला एकच आरसीसीबी ही पद्धत मोडीन. फ्रीजला स्वतंत्र आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकात, ३० मिलिअँपिअरचाच. बाहेरच्या दिव्यांना आणि पंपाला वेगळा. मग गेटच्या खांबात पाणी गेलं तर गेट अंधारात जाईल, सुरमई थंडच राहील. गळतीही वाटली जाते, त्यामुळे कुणीच काठावर उभा राहत नाही. मेनच्या जागी ३०० मिलिअँपिअरचा, 'एस' प्रकारचा, मुद्दाम जरा उशिरा पडणारा आरसीसीबी बसवता येतो. अशा प्रकाराची चाचणीच ३ हजार अँपिअरच्या क्षणिक लाटेवर न पडण्याची असते, त्यामुळे विजेला तो सहसा बधत नाही. पण एक अट: तो माणसाला वाचवणारा नाही, आगीसाठी आहे. त्याच्या खाली प्रत्येक सर्किटवर ३० चा असलाच पाहिजे. नुसता ३० काढून १०० किंवा ३०० लावणं म्हणजे बायपासच, फक्त पावती मोठी.

मग एसपीडी, म्हणजे सर्ज अरेस्टर, विजेची लाट जमिनीत सोडणारी वस्तू. दुकानदार तो रामबाण म्हणून विकतात. चांगली वस्तू आहे, पण तीन गोष्टी सांभाळल्या तरच. एक, तो आरसीसीबीच्या आधी बसायला हवा. नंतर बसवला तर लाट जमिनीत सोडायचं त्याचं काम आरसीसीबीतून होतं आणि दर चमकेला मेन पडतो. पैसे देऊन आजार विकत घेतलेली दोन घरं मी पाहिली आहेत. दोन, त्याच्या वायरी आखूड हव्यात, येणारी-जाणारी मिळून अर्ध्या मीटरच्या आत. वायरमनला डीबी नीटनेटका दिसावा म्हणून वायर वळसे घालून न्यायची सवय असते. इथे वळसा म्हणजे एसपीडी नसल्यासारखाच. तीन, आपल्यासारख्या स्वतःचा अर्थिंगचा खड्डा असलेल्या घराला फेज ते न्यूट्रल एक आणि न्यूट्रल ते अर्थ वेगळा स्पार्क गॅप, अशी जोडणी असलेला घ्यावा. घरासाठी टाइप २ आणि गावच्या व्होल्टेजला ३२० व्होल्टचा. त्याच्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की आतली वडी संपली, बदलायची. आणि घरावरच वीज पडली तर हा टाइप २ पुरणार नाही. त्यासाठी तडितरक्षक, टाइप १, सगळं निराळं प्रकरण आहे. सड्यावर एकटं घर असेल किंवा कौलांच्या वर मोठा लोखंडी टॉवर असेल तर त्याचा विचार करा.

अर्थिंगला विसरू नका. मे महिन्यात, खड्डा कोरडा असताना मोजून घ्या. जुलैचा आकडा फसवा असतो. जांभ्यात एका खड्ड्याने भागत नसेल तर दोन-तीन खड्डे लांब लांब घेऊन जोडावेत. न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या जवळ घेतला तर वर्षभर ओल राहते. हे जुन्या लोकांना ठाऊक होतं, नवीन घरांत शोभेसाठी खड्डा पुढच्या दारी काढतात. डिशच्या छत्रीचा खांब आणि गच्चीचा पत्राही याच अर्थिंगला जोडा, त्यांना वेगळा खड्डा काढू नका. वीज पडल्यावर दोन खड्ड्यांमधला फरक तुमच्या टीव्हीतून मिटवला जातो.

महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायला बाबांना सांगा. दाबल्यावर पडला पाहिजे. न पडणारा आरसीसीबी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तो बिघडलेला कळतही नाही. या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही हेही लक्षात असू द्या, ते फक्त त्याचा स्वतःचा चाप बघतं.

घर बंद ठेवून मुंबईला यायचं असेल तर आपोआप परत वर होणारे आरसीसीबीही मिळतात. त्यातले चांगले, वर होण्याआधी लाइनमध्ये गळती अजून आहे का ते तपासतात. मला ते गळती शोधून काढल्यानंतरच बसवायला आवडतात.

सध्या एवढं करा. पडवीतल्या कॅलेंडरवर पेन्सिल बांधून ठेवा. पुढच्या वेळी पडेल तेव्हा बाबांनी तीन गोष्टी लिहायच्या: कोणती दांडी पडली, चमकताना की पावसात की लाईट आल्यावर, आणि त्या वेळी घरात काय चालू होतं. बाहेरचे दिवे रात्री बंद असतात का, तेही लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की पानाचा फोटो पाठवा. तोपर्यंत गेटच्या खांबाच्या आणि तुळशीच्या दिव्याच्या न्यूट्रल वायरमनकडून डीबीतच सोडवून टेप मारून ठेवा. त्याला पंधरा मिनिटं लागतील. पुढच्या गडगडाटाला मेन पडला नाही, तर खांब फोडायला गवंडी सांगून ठेवा.